शनिवारी चार मुली आल्या

शनिवारी चार मुली आल्या. दोघी जतच्या, एक विट्याची,
एक कोल्हापूरहून, उशिरा, पॅसेंजर चुकली म्हणून.
प्रत्येकीच्या पिशवीत बायबल, टॉवेल,
आणि घरून दिलेला डबा, जो आम्ही सगळ्यांत वाटला.
सिस्टर प्रिस्का म्हणाली, आता मौन.
रविवारी दुपारपर्यंत कुणी बोलायचं नाही.
बोलायचंच झालं तर प्रभूशी.

मौनासाठी मिरजेत नेमकं हेच घर कुणी घेतलं असेल?
भिंतीपलीकडे बंदेनवाज चाचांचं तंबोऱ्यांचं दुकान.
दिवसभर भोपळा घासतात, उन्हं उतरली की जवारी काढतात:
एक तार, कानशीचा एक हात,
पुन्हा तीच तार.
मुली डोळे मिटून बसल्या होत्या.
मी त्यांची पावलं पाहत होते. एकीच्या पायावर
बहिणीच्या लग्नातली मेंदी अजून होती.

मला बोलायचं होतं 'समुदायात राहणं' या विषयावर.
कागदावर लिहिलेलं: प्रेम, क्षमा, एकच पाकीट.
पाकीट खरं आहे. चौघींचा पगार एका पाकिटात,
आणि चप्पल तुटली की सांगायचं, मोठ्यानं, कुणाला तरी,
वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी,
की मला चप्पल हवी.

कागदावर नव्हतं ते हे:
सिस्टर ऑफेलिया दुधावरची साय खाते आणि नाही म्हणते.
अठरा वर्षं.
स्तोत्र म्हणताना अर्धा शब्द पुढे असते,
जणू तिची गाडी सुटणार आहे.
मी एकदा तिच्याशी दीड महिना बोलले नाही.
त्याला मौन म्हणत नाहीत.
रोज मिस्सात मात्र 'शांती असो' म्हणत हात द्यावा लागे.
हात पुढे जायचा. मन मागून यायचं,
कधी नाहीही यायचं.
टायफॉइडमध्ये माझे सगळे कपडे तिनंच धुतले,
पुढे कधी बोलून दाखवलं नाही.
साय मात्र खातेच.

रात्री विट्याची करुणा स्वयंपाकघरात आली.
कुजबुजली, सिस्टर, बोलावणं ऐकू कसं येतं?
मला सांगता आलं नाही.
मीही अशाच एका शनिवारी गेले होते, वाईला.
प्रवचनातलं काही आठवत नाही,
मटकीत मीठ जास्त होतं एवढंच आठवतं,
आणि ती कुणीही टाकली नाही.
मी म्हटलं, कणीक मळ.
तिनं मळली. चांगली मळली.

रविवारी सकाळी पलीकडे सामसूम.
मला चुकल्यासारखं झालं, प्रार्थनेत लक्ष लागेना.
दुपारी चाचा स्वतःच दारात, खांद्यावर तंबोरा.
"पोरी गप्प बसल्यात म्हणून मीपण हात आवरला.
पण हा उद्या धारवाडला जायचाय.
मौन सुटलं असेल तर जरा ऐकता का?"

व्हरांड्यात बसून त्यांनी तार छेडली. कोरडी वाजली.
मग घोडीवर, तारेखाली, सुती दोरा सरकवला,
केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे,
आणि एका जागी तार अशी उघडली
की जतची धाकटी उठून उभीच राहिली.
"दोरा कशाला?" ऑफेलियानं विचारलं.
"मध्ये काहीतरी लागतं, सिस्टर.
नाहीतर तार नुसती वाजते."

व्याख्यानाला हे बरं पडलं असतं.
पण व्याख्यान काल झालं होतं.

जूनमध्ये येते म्हणून मेंदीवालीनं नाव लिहिलं.
करुणानं लिहिलं नाही. 'बघते' म्हणाली,
आणि साडेचारच्या एसटीनं गेली.

तिचा डबा राहिलाय. घासून फडताळात ठेवलाय.
रिकामा परत करायचा नाही,
म्हणून त्यात तासगावचे बेदाणे घातलेत.
ऑफेलिया येता-जाता कमी करते.
मी भरते.